एका फेरीचे अंतर

धावण्याच्या सर्व शर्यतींत चारशे मीटरची शर्यत मला सर्वांत फसवी वाटते. शंभर मीटर म्हणजे पापणी लवते न लवते तोच संपणारा खेळ, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावपटूला विचार करायला तरी सवड असते. चारशे मीटरवाल्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. मैदानाची बरोबर एक फेरी. जिथून निघायचे तिथेच परत यायचे. ऐकायला किती सोपे! परंतु दोनशे मीटरपर्यंत पिसासारखे हलके वाटणारे पाय तिसऱ्या शंभरात जड होऊ लागतात आणि शेवटच्या शंभरात त्यांत जणू शिसे ओतल्यासारखे होते. त्या टप्प्यात एखादा वीर वेग वाढवून पुढे सरसावला असे प्रेक्षकांना वाटते. वास्तविक त्या वेळी सगळेच मंदावत असतात. जो इतरांपेक्षा कमी मंदावतो, तो जिंकतो.

या शर्यतीची दुसरी एक गंमत प्रारंभरेषेवर दिसते. आठ धावपटू एका ओळीत उभे नसतात. वळणावर बाहेरची पट्टी आतल्या पट्टीपेक्षा लांब पडते. म्हणून दुसऱ्या पट्टीतल्याला पहिलीतल्याच्या सुमारे सात मीटर पुढे उभे करतात, तिसऱ्याला त्याच्याही पुढे, आणि आठव्या पट्टीतला तर पहिल्याच्या पन्नास मीटरांहून अधिक पुढे असतो. नवखा प्रेक्षक म्हणतो, “हा काय न्याय?” पण न्याय तोच आहे. कोणालाही एका पावलाची सूट मिळालेली नसते; प्रत्येकाला पूर्ण चारशे मीटरच धावायचे असतात. उभे राहण्याची जागा तेवढी प्रत्येकाच्या वाटेप्रमाणे ठरवलेली असते.

हे सारे आठवायचे कारण दिलीप महादू गावित. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ च्या ऑक्टोबरात दिव्यांग खेळाडूंच्या आशियाई स्पर्धा झाल्या. मुळात त्या २०२२ साली व्हायच्या, पण महामारीमुळे वर्षभर लांबल्या. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, पुरुषांच्या चारशे मीटर शर्यतीत या तरुणाने ४९.४८ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. ते भारताचे त्या स्पर्धेतील शंभरावे पदक ठरले. आधीच्या, २०१८ च्या, जाकार्ता येथील स्पर्धेत भारताची एकूण पदके बहात्तर होती. या वेळी ती एकशे अकरावर गेली. दिलीप ज्या गटात धावतो त्याचे नाव टी-४७. एका हाताचे व्यंग असलेल्या धावपटूंचा हा गट. लहानपणी झाडावरून पडण्याचे निमित्त झाले आणि त्याला हात गमवावा लागला.

धावायला हात कशाला लागतो, असे कोणी विचारील. त्याने दहा पावले हात बांधून धावून पाहावे. उजवा पाय पुढे पडताना डावा हात पुढे येतो आणि धड तोलले जाते. विशेषतः वळणावर शरीर आत झुकते तेव्हा या तोलाची फारच गरज भासते. एका बाजूचे वजन कमी असले की तो तोल पाठीने आणि कमरेने सांभाळावा लागतो. म्हणजे ज्या श्रमाचे मोजमाप घड्याळात कोठेच दिसत नाही, असा श्रम हा धावपटू प्रत्येक पावलाला करीत असतो. त्याच्यासारख्यांची शर्यत त्याच्यासारख्यांशीच लावतात, हीदेखील पुढे आखलेली प्रारंभरेषाच म्हणायची. अंतर मात्र तेच, पूर्ण चारशे.

दिलीप नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याचा. आपण सुरतकर सापुताऱ्याला सहलीला जातो तेव्हा हातगडाचा किल्ला दिसतो ना? तो त्याच तालुक्यातला. सुरगाणा आणि आपला डांग यांच्यामध्ये १९६० साली दोन राज्यांची सीमा आली. परंतु डोंगर, नाचणीची शेते, बोली आणि आडनावे यांनी ती सीमा कधी मनावर घेतली नाही. गावित, गायकवाड, पवार सीमेच्या दोन्ही बाजूंना नांदतात. डांगच्या सरिता गायकवाडने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशेच्या रिलेमध्ये एक फेरी धावून सुवर्णपदकात आपला वाटा उचलला. डांगच्याच मुरली गावितने २०१९ मध्ये दोहा येथे दहा हजार मीटरमध्ये आशियाई कांस्यपदक मिळवले. बातम्यांत एक महाराष्ट्राचा आणि दोघे गुजरातचे. आपण मात्र दोन्हीकडचे. त्यामुळे आनंद साजरा करताना हिशेब ठेवण्याची आपल्याला गरज पडत नाही.

आता थोडे शाळेविषयी. माझ्या शाळेत येणारी बहुतेक मुले खानदेशातून आलेल्या कुटुंबांतली; वडील लूम्सवर पाळी करणारे, आई घरी साड्यांना लेस लावणारी. काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आले. हातात अर्ज होता. मुलाचा एक पाय जन्मतःच आखूड. त्याला खेळाच्या तासाला आणि क्रीडादिनाला कायमची सूट द्यावी, अशी विनंती. मी म्हटले, “भाऊ, डॉक्टरांनी मना केले आहे का?” ते म्हणाले, “नाही सर. पण पोरगा पडला तर पोरं हसतीन. मला ते बघवणार नाही.”

या उत्तरापुढे मी क्षणभर निरुत्तर झालो. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने देण्याची जबाबदारी शाळेवर टाकली आहे, हे मला ठाऊक होते. परंतु रात्रभर उभे राहून आलेल्या बापापुढे कायद्याचे कलम वाचून दाखवणे मला रुचले नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. मी इतकेच म्हटले, “अर्ज माझ्याजवळ राहू द्या. मुलाला विचारू या.”

मुलाला बोलावले. तुला खेळाच्या तासाला वर्गात बसायचे आहे का, असे विचारले. तो वडिलांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “वर्गात बसून बसून मला सगळी भिंत पाठ झाली, सर.” वडिलांनी मान खाली घातली. अर्ज त्यांनी स्वतःच उचलून घडी करून खिशात ठेवला.

आमच्या व्यायामशिक्षकांनी पुढचे काम केले. आठ-दहा दिवस त्यांनी त्या मुलाचे आणि त्याच्या वर्गातल्या मुलांचे धावण्याचे वेळ मोजले आणि त्यावरून चुन्याची एक रेघ इतरांच्या पुढे आखली. मुलाने ती रेघ पाहून हुज्जत घातली. “इतकं पुढे नको, सर, मग जिंकलो तरी मजा नाही.” शेवटी दोघांनी मिळून ती तीन पावले मागे घेतली. क्रीडादिनी तो धावला. सुरुवातीला दोन-चार मुले हसली, हेही खरे. शर्यत चुरशीची होऊ लागली तसे त्यांना हसायचे भान राहिले नाही. तो पाचवा आला, नऊ जणांत. वडील भिंतीपाशी उभे होते. मुलगा पडला नाही, हे पाहून ते पाळीवर गेले.

तेव्हापासून ‘सूट’ आणि ‘सोय’ या दोन शब्दांकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. सूट देणारा मनाने कनवाळू असतो, पण तो मुलाला मैदानाबाहेर बसवतो. सोय करणाऱ्याला चुना, फूटपट्टी आणि आठ-दहा दिवसांचा वेळ खर्चावा लागतो. म्हणूनच सूट स्वस्त आणि सोय महाग. आपल्या घरांतूनही हेच घडते. ‘त्याला जमायचे नाही’ असे प्रेमाने म्हणून आपण किती मुलांना भिंत पाठ करायला लावतो!

मुलांना दिलीप गावितची गोष्ट सांगताना मी हांगझोऊपाशी थांबत नाही. २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला आणि तेथे आठ जणांत आठवा आला. मोरोक्कोच्या धावपटूने त्या शर्यतीत नवा जागतिक विक्रम केला. वर्षभरापूर्वी ज्याच्या पदकाने शंभराचा आकडा पुरा झाला, त्याच्या आठव्या क्रमांकाची बातमी शोधून वाचावी लागली. मुले विचारतात, “मग तो हरला ना, सर?” मी म्हणतो, हरला. जगातल्या आठ जणांत हरला, आणि त्या दिवशीही पुरे चारशे मीटर धावला. मग मी त्यांना मैदानावर पाठवतो. तास चाळीस मिनिटांचाच असतो.