आधी वाजंत्री, मग देव

उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला की कळवणातल्या दुपारी लांबत जातात. अशाच एका दुपारी चाळीच्या सावलीला खाट टाकली, कानांत इअरफोन घातले आणि १९७८च्या ‘सुपरमॅन’चा साउंडट्रॅक लावला. संगीत जॉन विल्यम्सचं, वादन लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं. तेव्हा दोन तबकड्यांत निघालेला अल्बम. आधी तळाशी काहीतरी हलतं, मग पितळी वाद्यं पायरी पायरीनं चढतात आणि शेवटचे तीन सूर असे येतात, की कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी. समोर पडदा नव्हता, लाल झूल नव्हती. तरी मान आपोआप वर गेली. वर चाळीचे पत्रे.

सुपरमॅन म्हटलं की मला आधी मालेगावचाच आठवतो. आमच्या चणकापूर धरणाचं पाणी गिरणेतून मालेगावची तहान भागवतं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवलेल्या शेख नासिर यांनी ‘शोले’ची मालेगावी आवृत्ती काढली आणि पुढे थेट सुपरमॅनलाच हात घातला. नायक शफिक शेख, पॉवरलूमवर राबणारा, काडीसारखा बारीक. फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात त्याला उडवण्याची खटपट दिसते. उडतो कसला, लोंबतो. पण चेहऱ्यावर मात्र खरंच आभाळ. २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगानं शफिक गेला. लंडनच्या त्या शंभरेक वाद्यांनी त्यालाही एकदा उचलून धरायला हवं होतं, असं वाटून गेलं.

मग लक्षात आलं, उचललं असतं तरी त्याला कळलं नसतं. पार्श्वसंगीत पडद्यावरच्या माणसासाठी नसतंच. खुद्द सुपरमॅनला मैलांवरची कुजबुज ऐकू येते, पण स्वतःची चाल नाही. आपण खुर्चीत शहारतो. तो बिचारा मुकाट उडत राहतो.

आमच्याकडचे देव असं चालवून घेत नाहीत. सुरगाणा-पेठकडच्या बोहाड्यात रात्री टेंभ्यांच्या उजेडात सोंगं निघतात. संबळ घुमल्याशिवाय मुखवटा पाऊल उचलत नाही. वाजंत्र्यांचा हात जरा ढिला पडला की सोंग जागीच थबकतं, आणि लाकडी चेहऱ्यावरही नाराजी दिसते. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. वाळलेला भोपळा आणि वेळूच्या नळ्या, एवढंच ते वाद्य. तिच्या सुरावर माणसाच्या अंगात वारं येतं. अंतराळातून आलेला पाहुणा नको, तारा नकोत, हिरवा पडदा नको. सूर ऐकणाऱ्यालाच नायक करतो.

संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा सप्तशृंगीच्या गडाकडे नजर गेली. अठरा हातांची देवी, प्रत्येक हातात काही ना काही, महिषासुराला मारणारी. हिच्यापुढे कुठला महानायक? पण तिची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि ती ऐकते, असं सगळे सांगतात. ते पुराण तिच्याच पराक्रमाचं.

इअरफोन काढून खिशात टाकले. माझीही मान कलली होती. उशी नव्हती म्हणून असेल.