रिकाम्या टाइलचं काय करायचं?

या वीकांताला जरा कामातलंच लिहितोय. कोड बघितला की ज्यांना जांभया येतात त्यांनीही वाचायला हरकत नाही. कोड फारसा नाहीच. नकाशे आहेत, हरिश्चंद्रगड आहे आणि चवीपुरतं कोथरूडही आहे.

मोबाईलवर आपण जो नकाशा बोटाने सरकवतो तो एक अखंड चित्र नसतो, हे बहुतेकांना माहीत असेल. तो चौकोनी फरशांचा बनलेला असतो. या फरशा म्हणजे टाइल, नेहमीचा आकार २५६ बाय २५६ पिक्सेल. झूम शून्यला सगळं जग एका टाइलमध्ये बसतं. एक पायरी झूम वाढवलं की प्रत्येक टाइलच्या चार होतात. म्हणजे झूम एकला ४, दोनला १६, आणि असं करत झूम १८ ला सुमारे ६,८७२ कोटी. प्रत्येकीला पत्ता असतो: आधी झूम, मग आडवा क्रमांक, मग उभा. झूम १० ला शनिवारवाडा १०/७२२/४५८ या टाइलमध्ये येतो आणि कोथरूड १०/७२१/४५८ मध्ये. म्हणजे पेठा आणि कोथरूड यांच्यामधून खरोखरच एक रेघ जाते. पेठेतल्या लोकांना हे आधीपासूनच ठाऊक होतं :)

ही कल्पना काही संगणकवाल्यांची नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीट जुन्या ट्रेकर मंडळींनी वापरलेल्या असतात. तिथेही हेच होतं. चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन, त्याचे सोळा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. पुणे ४७एफ मध्ये, हरिश्चंद्रगड ४७ई/१५ वर. गडापासून पश्चिमेला काही किलोमीटर गेलं की ते शीट संपतं आणि कोकणची बाजू शेजारच्या ४७ई/११ वर जाते. नेमका आपल्याला हवा तो भाग शीटच्या कडेला येतो हा नियम तेव्हाही होता. लोक दोन शीट चिकटपट्टीने जोडून घ्यायचे. आता ती चिकटपट्टी म्हणजे आपला कोड.

तर, आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी मी एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप बनवलंय. गडावर रेंज नसते, त्यामुळे नकाशा फोनमध्येच असायला हवा. गूगलच्या नकाशाच्या टाइल साठवून ठेवायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा मोकळा आहे, पण त्यांचे टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतात आणि तिथून घाऊक टाइल उतरवायला मनाई आहे (ती योग्यच आहे, फुकट पाणपोईवर टँकर लावू नये). म्हणून डेटा घेऊन टाइल आपल्या आपण बनवायच्या. हिशेब अवघड नाही. हरिश्चंद्रगडाच्या अक्षांशावर झूम १६ ची एक टाइल साधारण ५७७ मीटर रुंद पडते. २० बाय २० किलोमीटरच्या टापूला सव्वाएक हजार टाइल लागतात, झूम १७ ला त्याच्या चौपट. खालचे सगळे झूम धरून साडेसहा हजारांच्या आत. एक टाइल २० केबीची धरली तरी सव्वाशे एमबी. आजच्या फोनला हे काहीच नाही.

या टाइल एमबीटाइल्स नावाच्या फाइलमध्ये ठेवतात. आतून तो साधा एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो. त्यात एक गंमत आहे. त्याचा उभा क्रमांक खालून वर मोजतात आणि अँड्रॉइडचा वरून खाली. तो उलटवला नाही तर शनिवारवाड्याच्या ४५८ चा ५६५ होतो आणि पेठा थेट हिंदी महासागरात, मॉरिशसच्या बऱ्याच पूर्वेला जाऊन पडतात. हा घोळ निदान लगेच दिसतो. पुण्याच्या जागी निळं पाणी दिसलं की कोणीही ओरडेल.

न दिसणारा घोळ वेगळा आहे, आणि आजचं लिखाण त्याबद्दलच आहे.

अँड्रॉइडच्या नकाशात आपल्या टाइल घालायच्या तर टाइलप्रोव्हायडर नावाचा इंटरफेस लिहावा लागतो. त्यात फंक्शन एकच: गेटटाइल. नकाशा पत्ता देतो, आपण चित्र द्यायचं. चित्र नसेल तर दोन उत्तरं देता येतात. एक म्हणजे नो-टाइल: 'इथे टाइल अस्तित्वातच नाही, परत विचारू नकोस.' दुसरं नल (दमयंतीचा नव्हे): 'आत्ता मिळाली नाही, थोड्या वेळाने विचार.' मग नकाशा वाट बघत, दर वेळी जास्त थांबत पुन्हा विचारतो. बनवणाऱ्याने हा फरक अगदी विचार करून ठेवलाय. 'नाही' आणि 'माहीत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत हे त्याला पक्कं कळलं होतं.

पण पडद्यावर? पडद्यावर दोन्हींचा परिणाम एकच, रिकामी जागा. आणि त्या रिकाम्या जागेला मागचा रंग असतो.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, तीसेक वर्षं सह्याद्रीत फिरलेले. घरी बसून अ‍ॅप चाळत होते. मुद्दाम अर्धाच टापू भरलेली फाइल होती. कोकणकड्याच्या पश्चिमेकडे बोट ठेवून म्हणाले, "हा राखाडी भाग म्हणजे कातळ का रे?"

"नाही काका, तिथल्या टाइल घातलेल्या नाहीत अजून."

"मग तसं लिही की. मला तर सपाट कातळ वाटला. नवीन पोरगा असता तर म्हणाला असता, चला, इथून सरळ."

काकांना तिथे कडा आहे हे माहीत आहे. नवीन पोराला नसतं. आणि त्या रिकाम्या जागेवर आपण काय काय काढतो ते बघा: निळा ठिपका, लाल रेघ, पाण्याच्या टाक्यांच्या खुणा. हे सगळे ओव्हरले, म्हणजे टाइलच्या वर पसरलेले पारदर्शक कागद. खालची टाइल नसली तरी ते ठसठशीत दिसतात. उलट जास्तच दिसतात, कारण मागे गर्दी नसते! नकाशाला जिथे सगळ्यात कमी माहीत आहे तिथे तो सगळ्यात स्वच्छ दिसतो.

उपाय सोपा निघाला. सगळ्यात खाली आणखी एक टाइल-ओव्हरले टाकला. कुठलाही पत्ता विचारा, तो एकच चित्र देतो: तिरप्या रेघा आणि बारीक अक्षरात 'माहिती नाही'. खऱ्या टाइल अपारदर्शक, त्यांचा झेड-इंडेक्स वरचा. खरी टाइल आली की रेघा झाकल्या जातात, नाही आली की आपोआप दिसतात. नल असो, नो-टाइल असो, फाइल खराब असो, कुठलीच वाट चुकून 'सपाट कातळ' होत नाही. जिथे खरंच काही नाही, उदाहरणार्थ धरणाच्या पाण्याच्या मधोमध, तिथे मुद्दाम साधी निळी टाइल द्यायची. 'नाही' हेही सांगावंच लागतं.

यावर आमच्यातल्या एका डिझायनर मैत्रिणीशी चांगलीच जुंपली. तिचं म्हणणं, नकाशा सरकवताना क्षणभर रेघा चमकतात, स्वस्त दिसतं. सगळी चांगली अ‍ॅप वरच्या झूमची टाइल ताणून दाखवतात, तसं कर. दिसायला तिचं बरोबर आहे. पण झूम १६ ची टाइल १८ ला ताणली की एक टाइल सोळा टाइलच्या जागेवर पसरते. सव्वादोन मीटरचा पिक्सेल चौपट जाड होतो आणि त्यावर ओव्हरलेची रेघ मात्र तशीच धारदार. शहरात चालतं हो, चुकलात तर पुढच्या गल्लीतून वळाल. शेवटी तडजोड झाली: एक पायरी ताणायची, त्यापुढे रेघा. ती अजून खूश नाही.

आता टाइल असली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. नकाशातल्या समोच्चरेषा कुठून येतात? आमच्या येतात एसआरटीएम मधून. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस रडार फिरवून जगाच्या बऱ्याचशा जमिनीची उंची मोजली. साधारण ३० मीटरला एक आकडा. उभ्या डोंगरात रडारला काही ठिकाणी काहीच दिसलं नाही. मूळ डेटात अशा जागी -३२७६८ लिहिलेलं असतं. म्हणजे पुन्हा तेच, 'माहीत नाही'. पुढच्या आवृत्त्यांमध्ये या जागा दुसऱ्या स्रोतांतून किंवा आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरल्या. नकाशा गुळगुळीत झाला, आणि कुठला आकडा मोजलेला आणि कुठला भरलेला हे रेषा बघून कळेनासं झालं. त्यातून कोकणकडा! तो तर आत वळलेला आहे. एका जागेला एकच उंची ठेवणाऱ्या तक्त्यात असा आकार मांडताच येत नाही. समोच्चरेषा तिथे दाटीवाटीने येतात एवढंच.

ओव्हरलेचीही अशीच लबाडी असते. जीपीएसने नोंदलेल्या वाटेत हजारो बिंदू असतात, ते जसेच्या तसे काढले तर साधा फोन रडकुंडीला येतो. म्हणून डग्लस-प्यूकर नावाची १९७३ ची युक्ती वापरतात. ठरावीक अंतरापेक्षा कमी वाकणारे बिंदू गाळायचे. गूगलच्या युटिलिटी लायब्ररीत ती तयार मिळते, अंतर मीटरमध्ये द्यायचं. हायवेला २० मीटर दिलं तरी काही बिघडत नाही. नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी २० मीटर दिलं की वळणं गायब, आणि रेघ सरळ हवेतून! त्यात नाळेत दोन्ही बाजूंना कातळ असल्याने सिग्नल आपटून येतो, मूळचे बिंदूच इकडेतिकडे उडालेले असतात. आम्ही घाटवाटांना गाळणी लावतच नाही. फोन तापला तर तापला.

निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ ठाऊक आहे ना? लोकांना वाटतं की आपण नक्की त्याच्या आत आहोत. अँड्रॉइडची व्याख्या वेगळी आहे. आपण त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, असा तो आकडा असतो. म्हणजे शंभरातून बत्तीसदा बाहेर. लक्ष्मी रोडवर उभं राहून हे वाचायला मजा वाटते. कड्याच्या काठावर धुक्यात वीस मीटरचं वर्तुळ दिसत असताना तेवढी नाही वाटत. आम्ही वर्तुळाची त्रिज्या सरळ दुप्पट करून काढतो. यावर 'तुमच्या अ‍ॅपचं जीपीएस भिकार आहे, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये वर्तुळ लहान येतं' अशी तक्रार आली. फोन तोच, जीपीएस तेच. असो.

तांत्रिक मंडळी म्हणतील की आता व्हेक्टर टाइलचा जमाना आहे, चित्राऐवजी आकारांचा डेटाच येतो, ताणला तरी धूसर होत नाही. खरंय, आणि आम्हीही कधीतरी तिकडे जाऊच. पण न आलेली व्हेक्टर टाइलही पडद्यावर रिकामीच दिसते आणि मागचा रंग तिथेही असतोच. तिरप्या रेघांचा थर तिथेही न्यावा लागणार.

सध्या हात अडकलाय तो पाण्याच्या ओव्हरलेत. टाक्यांना निळी खूण म्हणजे पाणी आणि लाल म्हणजे कोरडं, असं आधी ठरलं होतं. पण डिसेंबरात भरलेलं टाकं मे महिन्यात काय असेल हे कोणी बघितलेलं नसतं. म्हणून तिसरी, करडी खूण आली, आणि प्रत्येक खुणेखाली शेवटचं कोणी बघितलं तो महिना. दोन महिन्यांपेक्षा जुनी निळी खूण आपोआप करडी होते. परिणामी आत्ता अर्ध्याहून जास्त नकाशा करडा आहे. या उन्हाळ्यात कोणी पाचनई किंवा खिरेश्वरकडून वर जाणार असाल तर टाक्यांचे फोटो काढा, आणि तारीख लिहायला विसरू नका.