घोटभर पाणी

घास घशाखालीं उतरतो तो आपोआप, अशीच आपणां सर्वांची समजूत असते. साठी उलटेपर्यंत माझीहि तीच होती. कण्ठ, तालु, मूर्धा हीं वर्णांचीं स्थानें मीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलीं. परंतु त्याच कण्ठाकडे अन्नाची वाट म्हणून पाहण्याचा प्रसंग आला तो माझ्या वडील बंधूंच्या आजारांत.

दादा अकोल्यास असतात. त्यांस पक्षाघाताचा झटका आल्याचें कळतांच मी अमरावतीहून निघालों. कांहीं दिवसांनीं ते इस्पितळांतून घरीं आले ते नाकांतील नळीसह. तोंडानें कांहींहि देऊं नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. एके दुपारीं वहिनींचा जरा डोळा लागला असतां दादांनीं ओठांकडे बोट नेलें. मला राहवलें नाहीं. निजल्या स्थितींतच मीं त्यांस दोन चमचे पाणी पाजलें. ठसका लागला नाहीं, म्हणून मनांतून समाधानहि वाटलें. तिसऱ्या दिवशीं त्यांस सडकून ताप भरला. न्युमोनिया झाला होता.

गिळण्याची क्रिया किती नाजूक आहे हें मग समजलें. घास घशांत येतांच कण्ठ वर उचलला जातो, श्वासाची वाट मिटते व अन्ननलिकेचें दार उघडतें. हें सारें एका सेकंदाच्या आंत. मेंदूस इजा झाली कीं हा मेळ बिघडतो. पक्षाघात झालेल्यांपैकीं निम्म्याच्या आसपास रोग्यांस आरंभीं हा त्रास होतो. त्यांत पाणी सर्वांत कठीण, कारण तें चपळ असतें. मिटण्यास उशीर झालेल्या श्वासमार्गांत तें आधींच शिरतें. घशाची जाणीवच बधिर झाली असेल, तर ठसकाहि लागत नाहीं. ज्या शांततेनें मीं निश्चिंत झालों, तीच धोक्याची खूण होती!

दुखणें निवळल्यावर एका तज्ज्ञ बाईंनीं दादांचें गिळणें तपासलें व व्यायामांबरोबर विजेचा उपचार सुरू केला. ‘घशाला वीज!’ म्हणून वहिनी घाबरल्या. परंतु विजेच्या स्पर्शानें स्नायु आकुंचन पावतो, हें इटलीच्या गॅल्व्हानीनें बेडकाच्या पायावरील प्रयोगांतून १७९१ सालींच प्रसिद्ध केलें आहे. येथें हनुवटीखालीं व गळ्यावर लहान चकत्या चिकटवून अगदीं सौम्य प्रवाह सोडतात. मुंग्या आल्यासारखें वाटतें. मात्र रोग्यानें स्वस्थ पडून चालत नाहीं. प्रवाह चालू असतां त्यानें स्वतः गिळण्याचा यत्न करावयाचा असतो. हृदयांत पेसमेकर असल्यास तें आधींच सांगितलें पाहिजे.

गुण किती येतो? इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेनें २०१८ सालीं असें मत दिलें कीं, पक्षाघाताच्या रोग्यांस यापासून लाभ होण्याचा संभव दिसतो, पण पुरावा अद्याप थोडा व कच्चा आहे. आमच्या बाईहि हेंच सांगत. ही वीज व्यायामाची सोबतीण आहे, त्याच्या जागीं बसणारी नव्हे.

दादांस प्रथम पिठल्याएवढें दाट अन्न मिळालें, मग आळणासारखें पातळ. बसवून, लहान घास, आणि गिळल्याची खात्री पटल्याविना दुसरा नाहीं. अडीच महिन्यांनीं नळी निघाली. श्रेय विजेचें, सरावाचें कीं काळाचें, हें बाईंनींहि निश्चित सांगितलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत रोग्यास मायेची वाण नसते. कोणी तीर्थ आणतो, कोणी मोसंब्याचा रस. त्यांचे हात धरण्यास एका घरच्या माणसानें तरी कठोर झालें पाहिजे. त्या दुपारीं मी तसा झालों नाहीं, म्हणून हें लिहिलें.

गेल्या महिन्यांत अकोल्यास गेलों होतों. दादा ताठ बसले, शिकविल्याप्रमाणें हनुवटी किंचित् खालीं नमवून त्यांनीं आपोशनाचें पळीभर पाणी घेतलें. तें उतरेपर्यंत पंगतींत कोणीहि घास उचलला नाहीं.