आणि इतर

कळंब्यात राहतो असं सांगितलं की कोल्हापुरातला माणूस हटकून विचारतो, "किती वर्षांची झाली?" मध्यवर्ती तुरुंगामुळे आमच्या गावाच्या वाट्याला हा विनोद कायमचा आला आहे. गारगोटी रस्त्यावरचा तुरुंग आणि संस्थानकाळात शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला तलाव, एवढीच कळंब्याची ओळख. बाकी आम्ही मधे कुठंतरी असतो.

१९८७ साली अब्बांनी इथं दीड गुंठा जागा घेतली, तेव्हा सगळे नातेवाईक नाराज झाले होते. आसपास आपली वस्ती नाही, अजान कानावर पडत नाही, रात्री-अपरात्री काही झालं तर काय करायचं? अब्बांचं उत्तर ठरलेलं, "रेडिओ है ना." त्यांचा रेडिओ दुरुस्तीचा धंदा होता. दुकान शहरात, पण अर्धं दुकान घरात आलेलं. उघडी पडलेली मर्फी आणि फिलिप्सची खोकी, कंडेन्सर, सोल्डरिंगचा वास, दोरी तुटलेले डायल. रमजानमध्ये त्यांच्या 'रेडिओ है ना'चा अर्थ कळायचा. छापील वेळापत्रक भिंतीवर असे, पण घड्याळावर अब्बांचा भरवसा नव्हता. बातम्यांच्या आधी आकाशवाणी वेळ सांगते, त्यावर ते रोज घड्याळ जुळवत. आमचा रोजा कित्येक वर्षं आकाशवाणीच्या वेळेवर सुटला.

तेव्हा कोल्हापूरला स्वतःचं केंद्र नव्हतं. ऐकायचं ते सांगली, १९६३ पासून चालू असलेलं. अब्बा रात्री लघुलहरींवर उर्दू सर्व्हिस शोधत बसायचे, आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. अम्मीचा जीव मात्र सांगलीवर. तिचं शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचं. मराठी तिला वाचता येत नव्हतं. ती मराठी शिकली ती दोन ठिकाणी, नळावर आणि रेडिओवर. त्यामुळं तिच्या बोलण्यात एक गंमत होती. भांडताना ती अस्सल करवीर तालुक्यातलं बोलायची आणि पाहुणे आले की एकदम निवेदिकेसारखं. "आता आपण चहा घेऊ या," असं ती खरंच म्हणायची.

'आपली आवड'ला पोस्टकार्ड पाठवायचं खूळ तिच्या डोक्यात शेजारच्या काकूंनी घातलं. पंधरा पैशांचं कार्ड, लिहिणारा मी. वय वर्षं अकरा. गाण्याचं नाव, चित्रपट, मग नावं. गल्लीतल्या सगळ्या बायकांची नावं घालायची असा नियम होता, कारण कार्ड एकाचं असलं तरी ऐकणार सगळ्या. अम्मी नावं सांगायची आणि स्वतःचं सर्वांत शेवटी घालायला लावायची. घरधनिणीनं शेवटी जेवावं तसं.

तिसऱ्या की चौथ्या कार्डाला नंबर लागला. दुपारी सगळ्या आमच्या ओट्यावर. निवेदिका वाचू लागल्या, "कळंब्याहून..." आणि पहिलं नाव आलं तशी ती बाई लाजून पदर तोंडाला लावून बसली. दुसरं आलं, तिसरं, चौथं. आणि मग, "आणि इतर." गाणं सुरू झालं.

चूक कुणाचीच नव्हती. टोपलीभर पत्रं येत असतील, वेळ मोजका. मला मात्र वाईट वाटलं. पुढच्या कार्डावर मी तिचं नाव मुद्दाम वर घेतलं, तर तिनं अंदाजानं ओळखलं आणि नवीन कार्ड आणायला लावलं. अब्बा हातातला सोल्डर खाली न ठेवता म्हणाले, "अच्छा है. नाम पीछे रहे तो अच्छा." हे ते कशाबद्दल बोलले ते मला तेव्हा समजलं नाही. पुढं मुलाखतींना जाताना, शहरात भाड्यानं खोली शोधताना समजत गेलं. फोनवर सगळं ठरायचं, आणि पूर्ण नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची.

तर अशी पाच-सहा कार्डं वाचली गेली. प्रत्येक वेळी अम्मी 'आणि इतर'मध्येच होती.

पुढं कोल्हापूरला आकाशवाणीचं एफ.एम. केंद्र आलं, आणि २००५ च्या धोरणानंतर खासगी वाहिन्याही आल्या. एकीचं नाव टोमॅटो, दुसरीचं मिरची. कोल्हापूरला शोभणारीच नावं, फक्त कांदा तेवढा राहिला. त्यांची भाषा अम्मीला पहिल्यांदा उद्धट वाटली, मग आवडू लागली, कारण ती पोरं आमच्यासारखं बोलायची. उपनगरांची नावं पहिल्यांदा रेडिओवर रोज यायला लागली. आज कुठं पाणी येणार नाही, कुठली लाईट जाणार, कुठल्या रस्त्यावर खड्डा. 'कळंबा' हा शब्द तुरुंगाशिवाय ऐकायला मिळाला.

रेडिओची खरी किंमत कळली ती २०१९ च्या ऑगस्टात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, निम्म्या शहरात वीज नाही, उपसा केंद्रं बुडाल्यानं चहूकडं पूर असून प्यायला पाणी नाही. कळंबा उंचावर असल्यानं आमच्याकडं पाहुण्यांचे तीन संसार येऊन राहिले होते. मोबाईल मान टाकून पडले. अब्बा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण त्यांनी दुरुस्त केलेला ट्रान्झिस्टर होता आणि सेल होते. ओट्यावर पुन्हा गर्दी झाली. फूट आणि इंच ऐकायला माणसं दम धरून बसत. आमच्या बोअरवर पाण्याची रांग लागायची, आणि ती रांग लावायला, म्हाताऱ्यांची घागर उचलून द्यायला पुढं असायचा तो शेजारच्या काकूंचा नातू. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. आमच्याच घरात जेवायचा, आमच्याच घरात झोपायचा.

तोच मुलगा ७ जून २०२३ ला सकाळी कपाळाला टिळा लावून गाडीवर बसून शहराकडं गेला. मोबाईलवरच्या स्टेटसवरून पेटलेलं ते प्रकरण, बंद, दगडफेक, लाठीमार, सगळं वाचकांना ठाऊक आहे. इंटरनेट बंद झालं. माझा भाऊ शहरात अडकला होता, फोन लागत नव्हता. अम्मीनं रेडिओ लावला.

रेडिओवर गाणी चालू होती.

मला त्या दिवशी फार चीड आली. चार मैलांवर आपल्या दुकानांची शटरं फुटताहेत आणि इथं पावसाची गाणी! नंतर शांतपणे विचार केला. आपल्याकडं खासगी एफ.एम.ला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. २०११ च्या धोरणानं आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा दिली, शिवाय वाहतूक, हवामान, पाणी, वीज सांगता येतं. म्हणजे आमच्या गल्लीत पाणी नाही हे रेडिओ सांगू शकतो, गल्लीत माणूस माणसाशी बोलत नाही हे नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये म्हटलं. तिकडं म्हसवडला माणदेशी बायकांनी त्यातून आपली तरंग वाहिनी उभी केली, २००८ पासून. आमच्याकडं मात्र आम्ही श्रोतेच राहिलो. गंमत म्हणजे त्याच जून महिन्यात आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं आणि ओरड झाल्यावर तो निर्णय थांबला.

भाऊ रात्री सुखरूप आला. मुलगाही आला. पण भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. काकू आमच्या दारावरून खाली बघत जायच्या. रागानं नव्हे, शरमेनं असावं. पण शरमेचा आणि रागाचा चेहरा लांबून सारखाच दिसतो. अम्मी रोज सकाळी त्या भिंतीशी तुळशीला पाणी घालणाऱ्या काकूंची वाट बघायची आणि काही न बोलता आत यायची. आम्ही मुलं जागा विकायचं बोलू लागलो. तिनं ऐकून घेतलं.

त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती, २९ जूनला. अनेक गावांत आपल्या लोकांनी कुर्बानी पुढं ढकलली. त्याच्या दोन-तीन दिवस आधी अम्मीनं माझ्या मुलीला एक नंबर लावायला सांगितला. फोन करून गाणं मागायचा कार्यक्रम चालू होता. कसा कोण जाणे, लागला.

"कुठून बोलताय, आजी?"

"कळंब्याहून."

"किती वर्षांची झाली?" निवेदक हसला. तिलाही हसू आलं. मग तिनं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. मी इथं लिहीत नाही. ते तिनं स्वतः सांगितलं आहे.

"कुणाकुणासाठी लावू गाणं?"

तिनं सुरुवात केली. गल्लीतल्या सगळ्या. हयात असलेल्या, आणि दोघी नसलेल्याही. निवेदक भला, पण त्यालाही घड्याळ होतं. "आजी, आता 'आणि इतर' म्हणू का?"

"नको, बाळ," अम्मी म्हणाली. "दोनच राहिलीत."

आणि तिनं काकूंचं नाव घेतलं, मग त्या मुलाचं.

तिला हवं होतं ते रफीसाहेबांचं गाणं त्यांच्याकडं नव्हतंच. दुसरंच लागलं. "ये नई मंगी थी मैं," म्हणत तिनं आवाज कमी केला आणि भात बघायला उठली.

संध्याकाळी भिंतीवरून तो मुलगा डोकावला. किती दिवसांनी. तोंड फुगवलेलं.

"आजी, रेडिओवर माझं घरातलं नाव कशाला सांगितलासा? पोरं चिडवायला लागल्यात."

अम्मी चकित होऊन त्याच्याकडं बघत राहिली. "मग खरं नाव काय रे तुझं?"