पेढीचा अबोल मुनीम

दिवाळीला वहीपूजन आजही होते. परंतु वही मात्र बहुतेक पेढ्यांत संगणकामध्ये गेली आहे. बिल, साठा, येणे-देणे, जीएसटीचे विवरणपत्र हे सारे तारेवरून चालते. 50,000 रुपयांहून अधिक किमतीचा माल बाहेर पाठवायचा तर सहसा ई-वे बिल लागते. जाळे बंद पडले की भरलेला ट्रक दारातच उभा राहतो. असे असूनही या साऱ्या तारा जिथे एकत्र येतात, त्या पेटीकडे मालकाचे लक्ष क्वचितच जाते. ती पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. तिची खरेदी ‘स्वस्तातली एक आणून लावा’ या एका वाक्यात उरकते आणि मांडणी परक्या कारागिरावर सोपवली जाते. तिजोरीची खरेदी कोणता व्यापारी अशी करील?

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 साली झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात मांडली. पुढे संगणक जोडण्यासाठी ‘हब’ नावाची पेटी रूढ झाली. तिची रीत उघड लिलावासारखी होती. एकाने उच्चारलेला भाव साऱ्या यार्डाने ऐकावा, तसा एका संगणकाचा निरोप सर्वांकडे जाई. स्विचची रीत जुन्या काळच्या रुमालाखालील सौद्यासारखी आहे. बोटांची खूण ज्या दोन हातांमध्ये झाली, त्यांनाच ती कळते. कोणते यंत्र कोणत्या खाचेवर आहे हे स्विच स्वतःच शिकतो, टिपून ठेवतो आणि निरोप नेमक्या दारी पोहोचवतो. असा इथरनेट स्विच 1990 साली प्रथम बाजारात आणणारी अमेरिकन कंपनी भारतीय वंशाच्या विनोद भारद्वाज यांनी स्थापन केलेली होती आणि तिचे नाव होते ‘कल्पना’. 1994 साली सिस्कोने ती विकत घेतली.

साधा स्विच हमालासारखा असतो. दिलेले ओझे तो इमानाने पोहोचवतो, पण कोणाला कुठे जाऊ द्यावे हे त्याला ठाऊक नसते. मोठ्या कार्यालयांतील ‘मॅनेज्ड’ स्विच मुनीमासारखा असतो. त्याला लेखी आदेश देता येतात, तो ते पाळतो आणि घडामोडींची नोंदही ठेवतो. मात्र आदेश दिलेच नाहीत, तर हा महागडा मुनीमही हमालीच करीत राहतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एखाद्या पेढीचा विचार करावा. पुढे पेढी, मागे गोदाम, माडीवर घर. एकाच इंटरनेट जोडणीवर हिशेबाचे संगणक, वजनकाटा, कॅमेरे, मुलांचे खेळ, पाहुण्यांचे मोबाइल आणि दलालाचा लॅपटॉप. सर्व एकाच जाळ्यात मोकळे असले, तर पाहुण्याच्या मोबाइलमधून शिरलेला विषाणू हिशेबाच्या संगणकाचे दार ठोठावू शकतो. घरातील माणूस बैठकीवर येतो म्हणून त्याच्यासमोर कोणी खतावणी उघडी टाकत नाही. यात अविश्वास नसतो, मर्यादा असते.

म्हणून पहिले काम पेटी उघडण्याचे नसून कागद घेण्याचे आहे. हिशेब, कॅमेरे, वजनकाटा, घर आणि पाहुणे असे पाच रकाने आखावेत आणि कोणी कोणापर्यंत पोहोचावे ते घरातील कर्त्या माणसांनी एकत्र बसून ठरवावे. तंत्रज्ञ या रकान्यांनाच ‘व्हीलॅन’ म्हणतात. एकाच स्विचमध्ये जणू पाच वेगळे स्विच निर्माण होतात. हिशेबाला 10, कॅमेऱ्यांना 20 असा प्रत्येकाला क्रमांक देता येतो. रकान्यांमधील वाट उघडावी की बंद ठेवावी, हे पुढे राऊटरवर किंवा फायरवॉलवर नोंदवले जाते. धाकट्या भावाला घरबसल्या कॅमेरे पाहायचे असतील, तर तेवढीच वाट उघडावी. हा निर्णय तंत्रज्ञाचा नव्हे, पेढीचा आहे.

त्यानंतर जागा निवडावी. हळदीच्या पेढीत बारीक धूळ सर्वत्र असते. ती पंख्यातून आत गेली की यंत्र तापते. स्विच गोदामात न ठेवता कोरड्या, हवेशीर आणि कुलूपबंद कपाटात बसवावा. त्याला यूपीएस द्यावा आणि भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, विद्युत कारागिराकडून तपासून घ्यावे. तांब्याच्या तारेची मर्यादा 100 मीटर आहे. गोदाम त्याहून दूर असेल, तर फायबर टाकावे. इमारत वेगळी असेल तर अंतर कमी असूनही फायबरच बरे, कारण विजेचा लोळ तांब्यावरून यंत्रापर्यंत पोहोचू शकतो, काचेच्या धाग्यावरून नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. दहा वर्षांनी दुरुस्ती करणारा त्या चिठ्ठीला दुवा देईल.

कॅमेऱ्यांना वीजही त्याच तारेतून देणारे स्विच मिळतात. तेथे बँकेतील कॅश क्रेडिटचा नियम आठवावा. 24 खाचांपैकी प्रत्येक खाच 30 वॅटपर्यंत देऊ शकत असली, तरी सर्वांची मिळून मर्यादा, उदाहरणार्थ 370 वॅट, वेगळी असते. खात्यांची बेरीज मर्यादेबाहेर गेली की काही कॅमेरे डोळे मिटतात. खरेदीपूर्वीच ही बेरीज करावी.

आता आदेश देण्याची वेळ. कारखान्यातून आलेल्या पासवर्डवर विसंबून राहू नये, तो पहिल्या मिनिटाला बदलावा. यंत्रातील मूळ प्रणाली कंपनीच्या अधिकृत स्थळावरून अद्ययावत करावी. स्विचचे घड्याळ इंटरनेटवरील प्रमाणवेळेशी जोडावे, कारण चुकीच्या वेळेची नोंद म्हणजे तारीख नसलेली पावती. मग कागदावरील रकाने खाचांवर उतरवावेत. जी खाच वापरात नाही, ती बंदच ठेवावी. दुकानाची मागची खिडकी उघडी ठेवून पुढच्या दाराला दोन कुलुपे लावण्यात अर्थ नसतो.

एका धोक्याची जाणीव विशेष ठेवावी. सफाई करताना कोणी लोंबणाऱ्या तारेची दोन्ही टोके स्विचमध्येच खोचली, तर एकच निरोप आत गरगरत राहतो, वाढत जातो आणि क्षणांत सारे जाळे ठप्प होते. रेडिया पर्लमन या विदुषीने 1985 साली यावरचा उपाय शोधला. ‘स्पॅनिंग ट्री’ नावाची ही पद्धत अशी वर्तुळे ओळखून त्यातील एक वाट आपोआप अडवते. ती चालू आहे याची खात्री करून घ्यावी.

यानंतर येते व्यापाऱ्याला सर्वांत लवकर समजेल अशी गोष्ट. अनेक मोठ्या स्विचमध्ये दिलेले आदेश आधी कच्च्या वहीत जातात. ते लगेच लागू होतात, काम सुरळीत चालते, कारागीर पैसे घेऊन जातो. परंतु ते पक्क्या वहीत जपले नसतील, तर वीज जाऊन स्विच बंद पडताच पुसले जातात. कच्च्यावरून पक्क्यात खतावणी केल्याशिवाय दिवस संपत नाही, हा पेढीचा जुना शिरस्ता येथेही तसाच लागू आहे. म्हणून आदेश जपून झाल्यावर, मालकाच्या देखत, स्विच एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. पाहुण्यांच्या वायफायवरून कॅमेरे किंवा हिशेबाचा संगणक उघडतो का, तेही पाहावे. उघडला, तर काम पुरे झालेले नाही. आदेशांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, म्हणजे यंत्र जळाले तरी नवे यंत्र त्याच आदेशांवर उभे करता येते.

सर्वांत मोठा प्रश्न तांत्रिक नाहीच. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, तो एकमेकांवरील संशय नव्हे. एकाच्या गैरहजेरीचा आणि एकाच्या चुकीचा तो विचार असतो. आज कित्येक पेढ्यांत स्विचचा पासवर्ड फक्त बाहेरच्या कारागिराच्या मोबाइलमध्ये, किंवा पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या डोक्यात असतो. कारागीर व्यवसाय सोडतो, मुलगा परदेशी जातो, आणि एका सकाळी पेढी स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहते. नामनिर्देशन न केलेल्या लॉकरपुढे वारसांची जी अवस्था होते, तीच ही. तेथे मालमत्ता आपली असते, पण दार उघडण्याचा अधिकार सिद्ध करण्यात महिने जातात.

म्हणून रकान्यांचा कागद, खाचांची यादी, पासवर्डचा मोहोरबंद लिफाफा आणि आदेशांचा पेनड्राइव्ह हे सारे पेढीच्या तिजोरीत दस्तऐवजांशेजारी ठेवावे. पासवर्ड बदलला की लिफाफाही बदलावा. घरातील दोन व्यक्तींना, शक्यतो दोन पिढ्यांतील, ते कुठे आहे आणि कसे वाचावे हे ठाऊक असावे. त्यांत एक सूनबाई किंवा लेक असायला काहीच हरकत नाही, कारण पुष्कळ घरांत संगणकावरील हिशेब आज त्याच लिहितात. वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या आधीच्या आठवड्यात, तो कागद बाहेर काढून प्रत्यक्ष जोडणीशी ताडून पाहावा. जोडणी बदलली असेल तर कागद दुरुस्त करावा आणि खाली तारीख घालून सही करावी.