दोन घरांची एक चूल

वैजापुरात घरांची कामे करताना मी पाडलेल्या भिंतींपेक्षा घातलेल्याच भिंती अधिक. भावाभावांची वाटणी झाली की वाड्याच्या ओसरीत मधोमध भिंत, परसात दुसरे न्हाणीघर आणि चूल वेगळी. असल्याच एका वाड्यातला आपला हिस्सा विकून एका कुटुंबाने छत्रपती संभाजीनगरात शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेतले, 700-700 चौरस फुटांचे. त्यांच्यातले थोरले भाऊ माझ्याकडे आले. "साहेब, मधली भिंत काढायची. किती लागतील?"

भिंत 10 फूट लांब, 10 फूट उंच, साडेचार इंची. गिलाव्यासकट तिचे वजन अडीच टनांच्या आसपास. एवढा राडारोडा पोत्यांत भरून जिन्याने उतरवायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायचा. मजुरी आणि वाहतूक धरूनही हा खर्च किरकोळच. भिंत गेल्यावर मिळणारी जागा मात्र जेमतेम 5 चौरस फूट, आणि त्या पट्ट्यात दोन घरांच्या फरशा समोरासमोर येतात. इथे पातळीत पाऊण इंचाचा फरक होता, फरशीचा रंगही वेगळा. जुन्या फरशीचा तोच माल बाजारात मिळत नाही. म्हणजे 1400 चौरस फूट फरशी नव्याने. खरा खर्च इथून सुरू होतो.

त्याआधी एक गोष्ट मी नकाशा पाहिल्याशिवाय बोलत नाही: भिंत भार घेते का? कॉलम-बीमच्या इमारतीत विटांची भिंत सहसा नुसता आडोसा असतो. जुन्या, भिंतींवर स्लॅब टेकलेल्या इमारतीत तीच भिंत काढणे म्हणजे वरच्या बिऱ्हाडाच्या पायाखालची जमीन काढणे. मिवान पद्धतीच्या नव्या टॉवरांत तर बहुतेक भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे मी छिन्नी लावू देत नाही, गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

स्वयंपाकघरावरून थोरल्यांशी बराच वेळ चर्चा झाली. धाकट्यांना दोन्ही ओटे हवे होते. मी म्हटले, आधी तुमच्या सीएंना विचारा. घर विकून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकराची सवलत मिळते ती ठरावीक मुदतीत दुसरे घर घेतले तर, आणि कायद्यातला सर्वसाधारण नियम 'एका' घराचा आहे. मुंबईच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने 2007 साली लागून असलेल्या सदनिका एक घर मानल्या, पण त्या खरोखर जोडून, सामाईक वाट, सामाईक स्वयंपाकघर करून राहण्यासाठी वापरल्या असतील तर. माझ्या आजीची एकत्र घराची व्याख्याही हीच होती: चूल एक. ही बाजू चुकली तर भरावा लागणारा कर फरशीच्या बिलाला कुठल्या कुठे मागे टाकतो. म्हणून कामाआधीचे, चालू कामाचे आणि नंतरचे फोटो, मंजूर सुधारित नकाशा, कंत्राटदाराची बिले हे सगळे मी फायलीत लावून देतो.

सोसायटीचा देखभाल खर्च मात्र एक होत नाही. सेवाशुल्क सदनिकांच्या संख्येवर वाटले जाते, त्यामुळे भिंत गेली तरी दोन वाटे भरायचे. दोन दारांमधला पॅसेज ग्रील लावून आत घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो सगळ्या मजल्याचा आहे, आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता आहे. त्याला मी साफ नाही म्हणतो.

मोरी आणि संडास हलवू नका, हेही मी हट्टाने सांगतो. त्यांच्याखालची स्लॅब दबवलेली असते. ती जागा सोडून पाणी दुसरीकडे नेले की फरशी उंच करावी लागते, उतार पुरत नाही, आणि पहिल्याच वर्षी खालच्यांच्या छताला ओल दिसते.

शेवटी पूर्ण भिंत काढलीच नाही. लिंटेल टाकून 6 फुटांची मोकळी वाट केली, वर आणि दोन्ही बाजूंना भिंत ठेवली. दुसरा ओटा काढला, पण त्याचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप बूच मारून भिंतीतच राहू दिले आणि त्यांची जागा नकाशावर लाल शाईने दाखवली. थोरल्यांनी विचारले, "हे कशाला?" मी सांगितले, तुमची मुले मोठी होतील, कदाचित त्यांना इथे पुन्हा भिंत लागेल. ते काही बोलले नाहीत. नकाशाची एक प्रत मागून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली.