कापसाच्या रस्त्यानं कळंबला

अंतर कापायची घाई करायची नाही, हे आम्ही दोघी मैत्रिणींनी निघायच्या आधीच ठरवलं होतं. माझी मैत्रीण बरीच वर्षं इटलीतल्या टस्कनीच्या सायकल-सहलींची माहिती गोळा करत होती. टेकड्यांवरची जुनी गावं, उतारावर द्राक्षांचे मळे, दुपारी एखाद्या तळघरात वाइनची चव, संध्याकाळपर्यंत पुढचं गाव. तिला त्यातली वाइन फारशी खुणावत नव्हती. एखाद्या पिकाच्या मुलखातून, ते पीक हाताशी आलेलं असताना सावकाश जायचं, ही कल्पना तिच्या मनात घर करून बसली होती. आम्ही दोघीही विदर्भातल्या. ऐन वेचणीच्या दिवसांत कापसाच्या मुलखातून आपण असं कधी गेलोच नाही, हे बोलता बोलता लक्षात आलं. मग २०२४ च्या नोव्हेंबरच्या शेवटी पवनारहून सायकली काढल्या. तिथून वर्धा, देवळी, कळंब आणि चढ चढून यवतमाळ.

पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. सकाळी तिथं थोडं बसलो. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं काही अभ्यासक सांगतात. आश्रमासाठी जमीन खणताना निघालेली भरत-भेटीची जुनी शिल्पं आजही तिथं पाहायला मिळतात. पण पवनारजवळून जाताना माझ्या मनात दुसरंच नाव होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी इथल्याच दत्तपूरला पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं. गाणारा, भजनात रमणारा माणूस होता तो. दर वर्षी १९ मार्चला अनेक जण त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात. बाहेरच्या जगाला आमचा हा भाग तेवढ्यापुरताच माहीत आहे. यवतमाळ म्हटलं की आत्महत्या, आणि तिथंच बोलणं थांबतं. हे दुःख खरं आहे, ते झाकायची गरज नाही. पण ज्या मुलखाकडे लोक फक्त हळहळण्यासाठी वळून बघतात, तिथं सुट्टीला जायचं, तिथली सकाळ आणि तिथलं जेवण मनापासून चाखायचं, हे मला हवं होतं. माणसं तिथं राहतात, लग्नं करतात, पोरं वाढवतात.

वर्ध्यात गोरसभांडारचा गोरसपाक पिशवीत भरून घेतला. सायकलवर भूक लागली की एक तुकडा पुरतो. देवळीपर्यंतचं अंतर अठराएक किलोमीटर. महामार्ग आता चौपदरी आणि गुळगुळीत झालाय. गाडीतून गेलं तर इथलं काहीच दिसत नाही. आम्ही शक्य तिथं जुना, गावातून जाणारा रस्ता धरला. देवळीच्या पुढं भिडीकडे जाताना दोन्ही बाजूंना कापूस, आणि त्याच्या ओळींमधून उभी तूर. तुरीला पिवळा फुलोरा आला होता. सोयाबीन निघून गेलेल्या वावरात हरभरा हातभर उंचीचाही झाला नव्हता. जमीन काळी, त्यावर कापूस पांढरा, मधून मधून ही पिवळी तूर. मैत्रीण वारंवार थांबत होती. मला थांबायचा कंटाळा नव्हता.

एका वावरात दहा-बारा बायका वेचत होत्या. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर चाललेले. मजुरी किलोमागे असते, म्हणून हात थांबत नाहीत, बोलणं मात्र चालू असतं. आम्ही बांधावर पाणी प्यायला थांबलो तशी एक म्हातारी म्हणाली, "कुठून आल्या व बाई?"

"वर्ध्याहून."

"सायकलनं? मंग मोटारीले काय झालं?"

"काही नाही झालं मावशी. पाहत पाहत जायचं होतं."

"पाहा मंग. पाह्याले पैसे थोडीच लागते."

दुसरीनं विचारलं, पोराईले कोनाच्या भरोशावर ठेवून आल्या? माझी मुलं मोठी झालीत म्हटल्यावर तिला बरं वाटलं. तिनं ओटीतला मूठभर कापूस माझ्या हातात दिला. नुकता वेचलेला कापूस उन्हानं कोमट असतो, आणि आत सरकीचा टणकपणा बोटांना लागतो. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभात शिंपडून पूजा करतात. त्या बाईच्या वावरात ती पंधरवड्यापूर्वी झाली होती. "आता दुसरा वेचा," ती म्हणाली, "तिसऱ्याले अळी काय ठेवते ते पाहू." गुलाबी बोंडअळीचं नाव घेताना तिनं आवाज बदलला नाही. पावसाबद्दल बोलावं तशी बोलली.

भिडीनंतर वर्धा नदीचा पूल येतो. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे यवतमाळ. वर्धा जिल्ह्यात, गांधीजींच्या कर्मभूमीचा मान म्हणून, १९७५ पासून दारूबंदी आहे. पूल ओलांडला की दारूच्या दुकानांना परवानगी. यवतमाळच्या बायकांनी 'स्वामिनी' या नावानं दारूबंदीसाठी मोर्चे काढले, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. द्राक्षाच्या मुलखात सायकलवरून हिंडणाऱ्याला प्रत्येक थांब्यावर पेला पुढं येतो. आमच्या वाटेवरच्या पुष्कळ घरांत मात्र संध्याकाळ बिघडवणारी वस्तू तीच आहे. पुलावर आम्ही या विषयावर बराच वेळ बोलत उभ्या राहिलो. खाली पाणी संथ होतं, आणि एक खंड्या खांबावरून पाण्यात सूर मारत होता.

कळंबला पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. चक्रावती नदीच्या काठचं हे गाव विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, चिंतामणीचं. देऊळ जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. पायऱ्या उतरत जावं तसा बाहेरचा आवाज मागं पडतो आणि दगडाचा गारवा अंगाला लागतो. उन्हातून सायकल चालवत आलेल्याला तो जरा जास्तच जाणवत असावा. गाभाऱ्याजवळच कुंड आहे. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथं तप केलं आणि अंकुशानं जमिनीतून गंगा काढली, अशी कथा सांगतात. दर बारा वर्षांनी कुंडाचं पाणी चढून चिंतामणीच्या पायांना लागतं, ही इथली श्रद्धा. पुजाऱ्यांशेजारी बसलेल्या एका आजोबांनी लहानपणी पाहिलेलं ते पाणी आम्हाला वर्णन करून सांगितलं. किती पायऱ्या बुडाल्या होत्या, आई कशी कडेवर घेऊन उभी होती. ज्या मुलखात पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य जातं, तिथं देवाच्या पायापर्यंत चढून येणाऱ्या पाण्याची ही आस मला फार खरी वाटली.

रात्री मैत्रिणीच्या मावसबहिणीकडे उतरलो. पुढची खोली माणसांची, मागची कापसाची. दारापासून आढ्यापर्यंत कापूस भरलेला. घरात विडी पेटवायची नाही, दिवाही त्या बाजूला न्यायचा नाही. पोरं त्यावर लोळली की अंगाला खाज सुटते, तरी लोळतातच. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये क्विंटल हमीभाव होता, पण गावात येणारा व्यापारी त्याहून कमी देत होता. हमीभावानं सरकारी खरेदी करणाऱ्या सीसीआयला द्यावा तर ओलावा आड येतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढं परत. म्हणून कापूस वाळत घरातच थांबतो. भाऊजी म्हणाले, "थांबून पाहून राह्यलो. चढला त चढला." बोलता बोलता ताटं आली. चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा आणि तेल, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कढी. ताईंनी तिसरी भाकर न विचारताच वाढली. इतकं चांगलं भरीत मी शहरात कधीच खाल्लेलं नाही.

दुसरा दिवस आम्ही कळंबच्या आसपासच घालवला, आणि या सहलीतला माझ्या सगळ्यात आवडीचा दिवस तोच. बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणाचे कालवे या बाजूला आले आहेत. कालव्याच्या कडेनं मुरमाची वाट जाते. सपाट, बिनवर्दळीची, एका बाजूला चालतं पाणी. वेडे राघू तारेवर रांगेनं बसलेले, मधेच एखादा नीलपंख उडाला की निळ्या रंगाची फेक दिसायची. इटलीत कियान्ती भागातल्या गायोले गावातून १९९७ मध्ये जांकार्लो ब्रोची यांनी 'लेरोईका' ही जुन्या सायकलींची सफर सुरू केली. तिथले पांढरे, खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू होता. कालव्याच्या वाटेवर मला ते पटलं होतं. मग आम्ही एका पांदण रस्त्यात शिरलो. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पावसाळ्यात खोल रुतून आता दगडासारख्या वाळल्या होत्या. सायकली हातात धरून ढकलाव्या लागल्या. समोरून येणारे एक शेतकरी थांबले. पावसाळ्यात या वाटेनं खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागतं, म्हणाले. आजारी माणूस बाजेवर आणतात. पांदण पक्की व्हावी म्हणून त्यांनी ग्रामसभेत कितीदा विषय काढला होता. त्यांचंच बरोबर आहे. सुट्टीवर आलेल्या दोघींच्या चाकांना मुरूम गोड लागतो म्हणून कुणाचा रस्ता कच्चा राहू नये. कालव्याची वाट तशीच राहिली तर पुरे, पांदण मात्र पक्की झालीच पाहिजे.

कळंब ते यवतमाळ साधारण २३ किलोमीटर. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, त्यामुळे रस्ता टप्प्याटप्प्यानं चढतो. काळी जमीन हळूहळू बरड, लालसर होत जाते, शेतांच्या मध्ये सागाचे पट्टे येऊ लागतात. सकाळी एका फाट्यावर गणवेशातल्या चार मुली सायकलवरून आमच्याबरोबर चढाला लागल्या. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात, त्यातल्या एकीची तशी होती. गियर नाही, मागं दप्तर, तरी उभं राहून पायडल मारत त्या आमच्या पुढंच.

"कळंबहून वर्ध्याले रेल्वे सुरू झाली न मॅडम," एकीनं विचारलं, "मंग सायकलनं काहून?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब गाडी सुरू झाली, ती पुढं यवतमाळमार्गे नांदेडपर्यंत जायची आहे. तिनं अजून त्या गाडीत पाय ठेवला नव्हता, पण वेळापत्रक तिला पाठ होतं. दहावीनंतर वर्ध्याला शिकायला जाणार म्हणाली. वडील होस्टेलला नाही म्हणतात, पण गाडी रोजची असली तर घरून येणं-जाणं करता येईल. शाळेच्या फाट्यावर त्या वळल्या, आणि आम्ही पुढचा चढ चढलो.

यवतमाळला शकुंतला रेल्वेचं जुनं स्टेशन पाहिलं. कापूस वाहून न्यायला मूर्तिजापूरपर्यंत टाकलेली ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन. आता ती गाडी धावत नाही. कापूस नेण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी रूळ आले, आणि त्या मुलीला कॉलेजात नेण्यासाठी आत्ता कुठं कळंबपर्यंत पोचले. हा हिशेब आम्ही दोघीही दिवसभर विसरलो नाही.

परतीला बाभूळगावचा रस्ता धरून धामणगावला उतरलो, तिथून नागपूरची गाडी. कुणाला हा रस्ता करायचा असेल तर दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत जावं. कळंबला निदान दोन मुक्काम ठेवावेत, कालव्याची वाट सकाळी लवकर धरावी, आणि वेचणाऱ्या बायकांनी हाक मारली तर उतरून बोलावं.